बंब येईपर्यंत

आगीच्या बंबाच्या टाकीत साधारणपणे ४,५०० लिटर पाणी मावते. पंप पूर्ण ताकदीने सोडला, तर तो मिनिटाला दोन हजार लिटरहून अधिक पाणी फेकतो. म्हणजे दोन मिनिटांत टाकी कोरडी. जवान अर्थातच तसे करत नाहीत. धार आवरतात, नळी नेमकी आगीच्या मुळाशी धरतात आणि आहे ते पाणी पुरवून वापरतात. तरीही पुढच्या टाकीचे काय, हा प्रश्न गाडी थांबल्या क्षणी उभा राहतो. जवळची विहीर कुठली, एप्रिलमध्ये तिला पाणी किती असते, तिथवर गाडी जाते का, वाटेतल्या फाटकाची किल्ली कोणाकडे? या प्रश्नांची उत्तरे वाड्यावरच्या, म्हणजे तिथल्या वस्तीतल्या, माणसांकडे असतात.

पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातल्या दोन तालुक्यांतील अग्निशमन सेवेचा इतिहास सांगायला घेतला, की ही बिनगणवेशाची माणसे पदोपदी आडवी येतात. कायदा, खाते, केंद्रे, गाड्या यांचा इतिहास सरकारी कागदांतून मांडता येतो. घागरी घेऊन धावलेल्यांची हजेरी कोणी लावली नाही. या दोन्हींना एकत्र धरल्याशिवाय इथला इतिहास अर्धाच राहतो.

ज्या देशाने गोव्यावर साडेचार शतके राज्य केले, त्या पोर्तुगालात मात्र अशी हजेरी फार पूर्वीपासून आहे. २३ ऑगस्ट १३९५ रोजी राजा झुआंव पहिला याने लिस्बन शहरासाठी एक हुकूम काढला. आगीची हाक उठली, की सुतारांनी आणि गलबतांच्या फटी बुजवणाऱ्या कारागिरांनी आपापली कुऱ्हाड घेऊन धावायचे, बायकांनी पाण्याच्या घागरी आणि मडकी आणायची. कुऱ्हाडी कशाला, तर शेजारचे लाकडी छप्पर तोडून आगीची वाट बंद करायला. पुढे १८६८ मध्ये लिस्बनमध्ये स्वयंसेवकांचे पहिले संघटित अग्निशमन पथक उभे राहिले. त्याचा पुढाकार घेणारा गिलेर्मी कोसूल हा चेलोवादक आणि संगीतकार होता. तेव्हापासून वाद्यवृंद, मिरवणूक, गावजेवण आणि आग विझवणे या गोष्टी पोर्तुगालात हातात हात घालून चालत आल्या. १९३० मध्ये या पथकांचा देशव्यापी महासंघ झाला. आजही तिथे अशा स्वयंसेवी संस्था चारशेहून अधिक आहेत आणि लहान गावांत आग विझवायला येणारा माणूस बहुधा दिवसा दुकान चालवणारा किंवा शाळेत शिकवणारा असतो. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ मध्ये असेच पथक काढले होते. कातडी बादल्या आणि सामान वाचवण्याच्या पिशव्या सभासदांनी स्वतःच्या घरी तयार ठेवायच्या, असा त्याचा नियम होता.

पोर्तुगीजांनी गोव्यात चर्च आणले, पाव आणला, काजू आणला. गावोगावच्या स्वयंसेवी पथकांची ही रीत मात्र इथे तशी रुजली नाही. पेडणे-डिचोलीत तर तिला फारसा वावही नव्हता. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत तोवर अडीच शतकांची पोर्तुगीज राजवट मुरलेली होती. इथे मात्र देवळे टिकून राहिली, देवस्थानांचे मानकरी राहिले, मराठीत चालणारे भजन-कीर्तन राहिले आणि गावची कामे वाड्यावाड्याने वाटून घेण्याची पद्धतही राहिली. लिस्बनच्या राजाने १३९५ मध्ये जे हुकमाने घडवले, ते इथे हुकमाविना चालत होते, एवढेच म्हणता येईल. ते कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून त्याला संस्था म्हणायचे की नाही, याचा वाद इतिहासकारांनी घालावा.

जुन्या घरांची रचना पाहिली, तरी आगीची धास्ती किती होती ते कळते. मातीच्या भिंती, वर गवताचे किंवा माडाच्या झावळ्यांचे छप्पर. गवताची उडवी घरापासून लांब, गोठा शक्य तितका वेगळा. आग लागली, की आधी गोठ्यातली दावी कापायची, मग छपरावर चढून जळते गवत खाली ओढायचे. विहिरीपासून घरापर्यंत रांग लागे आणि कळशा हातोहात पुढे सरकत. मंगळुरात बासल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. जसजशी ऐपतवाल्यांची आणि मग इतरांची घरे कौलारू झाली, तसतसा छपराच्या आगीचा धोका ओसरला. कोणत्याही बंबाआधी आलेली ही सर्वांत परिणामकारक अग्निशमन सुधारणा म्हणायला हरकत नाही, जरी तिच्यामागचा हेतू पावसापासून बचाव आणि थोडी प्रतिष्ठा हाच असला.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडवून दिले. या भागात नदी ओलांडण्याला केवढे महत्त्व आहे, हे त्यावरून दिसते. म्हापशाहून निघालेल्या गाडीला पेडण्यात यायचे तर शापोरा नदी ओलांडावीच लागते. पूल नाही तर फेरीबोट, आणि आग फेरीबोटीच्या वेळापत्रकाकडे बघत नाही. मुक्तीनंतरची अनेक वर्षे गोव्याची अग्निशमन सेवा पोलीस खात्याच्या छत्राखाली होती. तिला स्वतःचा कायदेशीर पाया मिळाला तो १९८६ च्या गोवा, दमण आणि दीव अग्निशमन दल कायद्याने. पुढच्याच वर्षी, ३० मे १९८७ रोजी, गोवा घटकराज्य झाले. आज पणजीतल्या सांतिनेझ येथे अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालयाचे मुख्यालय आहे. पेडणे आणि डिचोली येथे स्वतंत्र केंद्रे आहेत, शेजारच्या सत्तरीत वाळपईला आहे. नावात ‘आपत्कालीन’ शब्द उगाच घातलेला नाही. १०१ वर येणाऱ्या बोलावण्यांपैकी कित्येकांचा आगीशी काडीचाही संबंध नसतो.

विहिरीत गाय पडते. गवा पडतो, आणि गवा वर काढणे म्हणजे काय ते एकदा पाहिलेल्यालाच कळते. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात आंब्याचे झाड रस्त्यावर आडवे होते, विजेच्या तारा सोबत घेऊन. महामार्गावर टँकर कलंडतो आणि तेल सांडते. डिचोलीच्या बंद खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून खोल तळी झाली आहेत. तिथे बुडालेल्याचा शोध घ्यायचा, तर जवानच उतरतात. चतुर्थीच्या दिवसांत सारा गोवा मूळ घरी परततो, दुकानांना कुलपे लागतात. केंद्रावरची पाळी मात्र चालूच असते, कारण गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालच्या विजेच्या माळा आणि समया याच दिवसांत एकमेकींच्या शेजारी येतात.

२०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार, डिचोलीची सुमारे ९८ हजार. आकडे लहान दिसतात. पण वस्ती डोंगर, बागायती, नदीकाठ आणि किनारा अशी विखुरलेली. एका टोकाला तेरेखोलचा किल्ला, दुसऱ्या टोकाला मयेचा तलाव. घरे वाड्यांत, वाडे पायवाटांच्या शेवटी. गाडी जिथे थांबते तिथून घर दोनशे पावले आत, हा इथे अपवाद नाही. मग नळ्यांना नळ्या जोडत जवान पुढे जातात आणि त्या उचलून धरायला, वळणावर अडकू नयेत म्हणून सोडवायला, वाड्यावरची पोरे धावतात. शिकवलेले कोणी नसते, तरी कोणाला सांगावेही लागत नाही.

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम, आणि वणव्याचाही. डोंगरावर वाळलेले गवत, खाली पालापाचोळ्याचा थर. बोंडू वेचायला वाट हवी म्हणून कोणी थोडे गवत पेटवतो, कोणी विडी टाकतो, आणि वारा बाकीचे काम करतो. याच डोंगरात काजूच्या भट्ट्या चालू असतात. रस उकळणाऱ्या भाणाखाली रात्रंदिवस जाळ, वरून उतरणारा हुर्राक, म्हणजे काजूची दारू. जाळ आवरून ठेवण्याचे शहाणपण भट्टी चालवणाऱ्यांकडे पिढीजात आहे. भट्टीच्या भोवतालची जागा झाडून साफ ठेवल्याशिवाय चूल पेटत नाही. डोंगरावर बंब चढत नाही. तिथे हत्यार एकच, हिरव्या पानांचा टहाळा. आगीच्या पुढे जाऊन पाला सारायचा, उघड्या मातीचा पट्टा काढायचा आणि कडेने टहाळ्यांनी झोडपत यायचे.

मार्च २०२३ मध्ये या शहाणपणाची कसोटी लागली. ५ मार्चच्या सुमारास सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात आणि मग राज्यात ठिकठिकाणी वणवे भडकले. अभयारण्याचे क्षेत्र २०८ चौरस किलोमीटरांहून अधिक, त्यातला बराचसा भाग खडा डोंगर. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली, दोराला टांगलेल्या मोठ्या बादल्यांनी पाणी ओतू लागली. दूरदर्शनवर दिसली ती हेलिकॉप्टरे. खाली जमिनीवर वनखात्याचे कर्मचारी, अग्निशमनाचे जवान आणि गावकरी अशी शेकडो माणसे कित्येक दिवस राबत होती. वरून पाणी पडले, तरी धुमसणारे खोड आणि ओंडके शोधून विझवायला माणूसच लागतो. नाहीतर रात्रीच्या वाऱ्यात तीच आग पुन्हा उठते.

पाण्याचे संकटही इथे आगीइतकेच ओळखीचे. दोडामार्गातल्या तिळारी नदीचे पाणी गोव्यात शापोऱ्यातून वाहते. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि तिळारी धरणातून सोडलेले पाणी एकाच वेळी आले आणि डिचोली तालुक्यातले साळ, पेडण्यातले इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांत पुराचे पाणी शिरले. होळीच्या रात्रींना होणाऱ्या ‘गडे’ उत्सवासाठी प्रसिद्ध असलेले साळ त्या दिवसांत होड्या आणि दोरांसाठी चर्चेत आले. २३ जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले. डिचोली तालुक्यातल्या साखळीच्या बाजारपेठेला तर वाळवंटी नदीच्या पाण्याची सवयच आहे. दुकानदार पावसाळ्यात माल कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवूनच बसतात. पुरात जवानांच्या आधी नदीकाठचे लोकच हालचाल करतात, कारण पाणी कुठून चढते आणि कोणते म्हातारे जोडपे घर सोडायला तयार होणार नाही, हे त्यांना माहीत असते.

आगीच्या या इतिहासात आगीची पूजा करणाऱ्यांनाही जागा द्यायला हवी. डिचोली तालुक्यातल्या शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराई देवीची जत्रा भरते. हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेतलेले हजारो धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रतस्थ राहून येतात. गावागावांचे धोंड एकत्र उतरतात, एकत्र सोवळ्याने जेवतात, तळीवर आंघोळ करतात. रात्री लाकडांचा उंच रचलेला होमखण पेटवला जातो आणि पहाटेपर्यंत धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात. शिस्त, व्रत, एकत्र राहणे, आगीजवळ जाण्याचा ठरलेला क्रम. एखाद्या अग्निशमन पथकाच्या नियमावलीत शोभावे असे हे सारे आहे, फक्त आग विझवण्याऐवजी तिच्यातून जाण्यासाठी. अशा जत्रेला बंब आणि रुग्णवाहिका उभ्या ठेवाव्याच लागतात. २०२५ च्या जत्रेत, ३ मेच्या पहाटे, अरुंद उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली. सहा भाविकांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. होमखणाच्या आगीने कोणाला इजा केली नव्हती. गर्दीने केली. जत्रेचा बंदोबस्त म्हणजे निखाऱ्यांवर नजर ठेवणे, एवढ्यावर यापुढे भागणार नाही.

एप्रिलच्या १४ तारखेला गोव्यातल्याही सगळ्या केंद्रांवर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. ही तारीख मुंबईची. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असतानाच मरण पावले. त्या काळी बंदरावर, आगबोटींवर आणि खलाशांच्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे गोंयकार मुंबईत हजारोंनी होते. म्हणून मुंबईच्या गोदीतली ही आग गोव्यालाही परकी नव्हती. सप्ताहात जवान शाळांत आणि पंचायतींत जाऊन प्रात्यक्षिके दाखवतात. सर्वांत जास्त गर्दी खेचणारे प्रात्यक्षिक म्हणजे पेटलेल्या गॅस सिलिंडरवर ओले गोणपाट टाकून ज्वाळा विझवणे. मुले ओरडतात, शिक्षक दोन पावले मागे सरकतात, आणि मग एखादी धीट मुलगी पुढे येऊन तेच करून दाखवते.

पेडण्याचे रूप गेल्या दोन दशकांत पार पालटले आहे. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर लाकूड, बांबू आणि झावळ्यांची उपाहारगृहे आणि खोल्या दाटल्या. गंमत अशी, की गावांनी कौले घेऊन जे छप्पर मागे टाकले, ते पर्यटनाने किनाऱ्यावर परत आणले. आता त्याखाली गॅस आहे, वातानुकूलन आहे आणि रात्री उशिरापर्यंत माणसे आहेत. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री बार्देशातल्या हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा बळी गेला. वाट अरुंद असल्याने बंब दूर थांबवावे लागले होते. वर सांगितलेला दोनशे पावलांचा हिशेब तिथेही लागू होता. फरक इतकाच, की आत अडकलेल्यांत बरेचसे बाहेरून आलेले कामगार होते. त्यांना ना वाडा माहीत, ना विहीर. ज्या अलिखित व्यवस्थेवर पेडणे-डिचोली आजवर तरली, तिची वीण किनाऱ्यावर केव्हाच उसवली आहे, आणि तिच्या जागी काटेकोर परवाने आणि तपासणी आल्याशिवाय इलाज नाही.

पेडणे तालुक्यातच मोपच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळाच्या स्वतःच्या अग्निशमन पथकाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचलेच पाहिजे. त्यासाठी खास गाड्या, खास रस्ते, चोवीस तास तयार माणसे. पठाराखालच्या वाड्यावर तीन मिनिटांत पोहोचतो तो फक्त शेजारी.

या शेजाऱ्याची दखल सरकारने अलीकडे नाव देऊन घेतली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवून एक लाख स्वयंसेवकांचे लक्ष्य ठेवले गेले. गोव्यातही अग्निशमन सेवेच्या जवानांनीच या तरुणांना शिकवले. प्रशिक्षण १२ दिवसांचे. बेशुद्धाला शुद्धीवर आणणे, दोराच्या गाठी, पुरातून माणूस काढणे, प्राथमिक उपचार, आग विझवणे. शेवटी हातात एक पिशवी मिळते. तिच्यात जीवरक्षक जाकीट, हेल्मेट, हातमोजे, गमबूट, शिट्टी, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी. सोबत ओळखपत्र आणि विमा. वाड्यावरच्या मदतीला यादीत नाव, क्रमांक आणि विम्याचा कागद मिळाला, तो असा. गावातल्या विहिरींची, गाडी जाणाऱ्या वाटांची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादीही या मित्रांकडून गावोगाव करून घेता येईल. साळ आणि इब्रामपूरसारख्या नदीकाठच्या गावांपासून सुरुवात केली, तर पुढच्या पावसाळ्याआधी ती केंद्रांच्या भिंतीवर लागू शकेल.